पेन दाबू नका, पान फाडू नका

ताई, सप्रेम नमस्कार.

मी 47 वर्षांची, चिपळूणजवळच्या एका शाळेत क्लार्क आहे. गेले काही महिने रात्री झोप लागत नाही. हातात फोन घेते आणि बघता बघता एक-दीड वाजतो. पुण्याच्या भाचीने दिवाळीत सहा बारीक पेनांचा सेट आणि हँडमेड कागदाची वही दिली. म्हणाली, "मावशी, फोनऐवजी रोज रात्री डूडलिंग कर, मन शांत होतं." व्हिडिओही पाठवले. त्यातल्या बायका पानभर जाळ्या, वेली, पिसं अशी काही सरसर काढतात की बघत राहावं. मी काढायला बसले की रेघ थरथरते. सरळ येईना म्हणून पट्टी घेतली, तर भाची म्हणते पट्टी चालत नाही. एका पेनाचं टोक आठवड्यात आत गेलं. पानं फाडून झाली. शांत व्हायचं राहिलं बाजूला, चिडचिड मात्र वाढली. आमचे हे म्हणतात, "बॅकबेंचरच्या वहीचं शेवटचं पान दिसतंय." शाळेत एलिमेंटरीला क श्रेणी मिळाली, तेव्हाच मी चित्रकलेला रामराम ठोकला होता. हे खरंच ध्यान आहे की नुसतं फॅड? आणि काढायचंच तर आपली रांगोळीच कागदावर काढली तर?

एक वाचक

सप्रेम नमस्कार.

पेनाचं टोक आत गेल्याचं वाचलं आणि निम्मं दुखणं तिथेच सापडलं. तुम्ही क्लार्क. वर्षानुवर्षं बॉलपेनने लिहिलेलं, त्यातही पावतीपुस्तकात कार्बन ठेवून, खालच्या प्रतीवर उठावं म्हणून दाबून. तो दाब बोटांत मुरलेला असतो. भाचीने दिलेले पेन फाइनलायनर जातीचे आहेत. त्यांचं टोक प्लॅस्टिकचं असतं, बारीक पेनांचं तर जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचं, आणि शाई आपली आपण उतरते. कागदाला नुसता स्पर्श पुरतो. दाबलं की टोक झिजतं, चपटं होतं किंवा आत जातं. तेव्हा पेन टोकापासून थोडा मागे धरा, बॉलपेनपेक्षा जरा उभा ठेवा, आणि पहिले काही दिवस रेघ फिकी आली तरी चालेल असं मनाशी ठरवून टाका. हलक्या हाताची सवय लागेपर्यंत तुमचा रोजचा बॉलपेन वापरलात तरी काही बिघडत नाही. हे सगळं दोन-पाच रुपयांच्या बॉलपेननेही होतं.

दुसरा गुन्हेगार ती हँडमेड वही. दिसायला सुरेख, पण त्या कागदात धागे असतात. बारीक टोक त्यात अडकतं, रेघ मध्येच फिसकटते, शाई धाग्यातून पसरते, आणि तुम्हाला वाटतं आपला हात वाईट. वही जलरंगांसाठी किंवा पत्रं लिहायला ठेवा. स्टेशनरीच्या दुकानातून साधा, गुळगुळीत, जरा जाड ड्रॉइंग पेपर आणा आणि ए-फोर कागदाचे 9 सेंटिमीटरचे चौकोन कापा. एका कागदात बरोबर सहा बसतात, उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्या पेन तपासायला होतात. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीही चालतात; फक्त चकचकीत नकोत, त्यांच्यावर शाई वाळत नाही आणि तळहाताला लागते.

चौकोन एवढासाच का? कारण तुम्ही पान फाडलंत ते पान मोठं होतं म्हणून. ए-फोरचा पांढरा कागद समोर आला की तो भरायची जबाबदारी वाटते. तळहाताएवढ्या तुकड्याची कोणाला भीती वाटत नाही. तो आज अर्धा राहिला तर राहिला.

आता मुख्य गोष्ट. ते व्हिडिओ बंद करा. निदान पेन हातात असताना तरी. एक तर त्यातले बरेचसे वेग वाढवून दाखवलेले असतात. वीस मिनिटांचं काम चाळीस सेकंदांत. दुसरं म्हणजे, त्यात एका पानावर सात-आठ नक्ष्या असतात. ते बघून काढताना तुमचं डोकं सतत ठरवत असतं: आता कोणती, इथे वेल की जाळी, हे त्यांच्यासारखं दिसतंय का. दिवसभर ऑफिसात ठरवून, निस्तरून दमलेल्या माणसाला रात्री दहा वाजता आणखी ठरवायला लावलं तर चिडचिड होणार नाही तर काय? नक्षी काढून मन शांत होतं ते पुढची रेघ कुठून सुरू होणार हे हाताला आधीच ठाऊक असतं म्हणून. ज्या क्षणी विचार करून ठरवावं लागतं, त्या क्षणी ते पुन्हा काम होतं. म्हणून एक पेन, एक आकार, एकच नक्षी. आठवडाभर तीच.

"पण मला चित्र येत नाही." येऊ नये. तुम्ही बाराखडी गिरवली आहे ना? काना, वेलांटी, चंद्र, अनुस्वार आणि शून्य. जगातल्या बहुतेक सगळ्या साध्या नक्ष्या या पाच खुणांतच बसतात, आणि त्या तुमच्या हाताला सहा-सात वर्षांच्या असल्यापासून येतात. व्हिडिओतलं ते भरगच्च पीस घ्या: मधे एक लांब वेलांटी, दोन्ही बाजूंना ओळीने चंद्र, चंद्रांच्या पोटात बारीक काने. संपलं.

तुम्हाला पहिली नक्षी मी खवल्यांची देते. चिपळूणकरांना खवले काय असतात हे सांगायची गरज नाही.

चौकोनाच्या वरच्या कडेला, डाव्या कोपऱ्यापासून, कडेला लोंबणारे अर्धगोल काढत जा, करंगळीच्या नखाएवढे, एकाला लागून एक. ही पहिली ओळ. दुसऱ्या ओळीतला प्रत्येक अर्धगोल वरच्या एका खवल्याच्या पोटाच्या मध्यापासून निघतो आणि शेजारच्या खवल्याच्या पोटाच्या मध्यावर जाऊन टेकतो. त्यामुळे दुसरी ओळ आपोआप अर्ध्या खवल्याने सरकते आणि दोन्ही कडांना अर्धा-अर्धा खवला येतो. तिसरी ओळ पुन्हा पहिलीसारखी. बस, एवढीच ही नक्षी. प्रत्येक खवला कुठे सुरू करायचा आणि कुठे संपवायचा हे वरची ओळ सांगते. तुम्हाला काही ठरवावं लागत नाही.

9 सेंटिमीटरच्या चौकोनात दीडशेच्या आसपास खवले बसतात, संथपणे काढले तर पाव तास कसा गेला कळत नाही. कागद मात्र फिरवत राहा. रेघ स्वतःकडे ओढायला सोपी, स्वतःपासून दूर ढकलायला अवघड. चाळिशी लागली असेल तर ती लावूनच बसा, आणि दिवा डाव्या बाजूला ठेवा, म्हणजे उजव्या हाताची सावली टोकावर पडणार नाही.

थरथरीचं म्हणाल तर ती लांब रेघेत दिसते. सेंटीमीटरभराच्या कंसात थरथरायला जागाच नसते, म्हणून खवल्यांनी सुरुवात. पुढे लांब रेघ काढायची वेळ आली की दोन गोष्टी करा. नजर पेनाच्या टोकावर नको, रेघ जिथे पोचायची तिथे ठेवा. आणि श्वास सोडत सोडत ओढा. लांब रेघ काढताना माणूस हमखास श्वास रोखून धरतो आणि मग खांदे कानापर्यंत येतात. तुमची मान दुखत असेल तर ती बहुधा याचमुळे. पट्टीबाबत भाचीचं बरोबर आहे, पण अर्धंच. बाहेरची चौकट पट्टीने आखलीत तर माझी अजिबात हरकत नाही. आतल्या रेघांना मात्र पट्टी नको, कारण एक रेघ पट्टीची झाली की बाकीच्या सगळ्या वाकड्या दिसायला लागतात.

मन भटकणारच. तिसऱ्या ओळीत तुम्हाला उद्याचं वेतनबिल आठवेल, पाचव्या ओळीत जाऊबाईंचं बोलणं. गंमत अशी की ते कागदावर उमटतं. नीट पाहिलंत तर एखाद्या ओळीत खवले अचानक मोठे आणि भसाभसा झालेले दिसतील, एखाद्या ठिकाणी दोघांच्या मधे फट पडलेली. तिथे तुम्ही नव्हता. खोडायला जाऊ नका, खोडरबर मुळात जवळ ठेवूच नका. पुढची ओळ त्या वेड्यावाकड्या ओळीला धरूनच काढायची असते, आणि ती धरताना लक्ष परत येतं. फट फारच डोळ्यांत खुपली तर तशीच फट आणखी दोन-तीन ठिकाणी मुद्दाम सोडा.

आठवड्याने खवले आंधळेपणाने जमू लागले की त्यातली मजा संपते, आणि डोकं पुन्हा भटकायला मोकळं होतं. तेव्हा नक्षी बदलू नका, तिच्यात भर घाला. प्रत्येक खवल्याच्या आत कडेला समांतर आणखी एक कंस. मग त्याच्या पोटात तीन बारीक काने. मग दोन खवल्यांच्या खाचेत एक टिंब. दर वेळी पूर्ण चौकोनभर एकच भर, मग दुसरी. हात किंचित गुंतलेला राहायला हवा, फार नाही.

मग पुढे दोन नक्ष्या माझ्या आवडीच्या. एक पट्ट्यांची: चौकोनातून आडवीतिडवी एक जोडरेघ काढा, पट्टीसारखी. दुसरी पट्टी वेगळ्या कोनातून आणा, पण पहिलीपाशी आली की थांबा, पलीकडून पुन्हा सुरू करा, म्हणजे ती खालून गेल्यासारखी वाटते. तिसरी या दोघींच्या खालून. असं दहा-बारा पट्ट्यांपर्यंत गेलात आणि मधल्या मोकळ्या जागा काळ्या भरल्यात की बांबूची वीण समोर येते, आणि काढणाऱ्यालाच खरं वाटत नाही. या नक्षीत थोडं लक्ष लागतं, म्हणून ती दुपारची. दुसरी चंद्रकोरींची: चौकोनाच्या चारही कडांना आतल्या बाजूने छोटे अर्धगोल सुटे सुटे काढून काळे भरायचे. प्रत्येकाभोवती थोडं अंतर सोडून एक वळसा. मग पुढचा वळसा सगळ्यांना मिळून एका सलग रेघेत, मग त्याच्या आत पुढचा, असं मध्यापर्यंत सरकत जायचं. झोपण्यापूर्वी ही फार छान. रेघेला आधीच्या रेघेचं वळण तेवढंच फक्त पाळायचं असतं.

या दोन्ही नक्ष्या मूळच्या झेंटँगल नावाच्या डूडलिंग-पद्धतीतल्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या जोडप्याने या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत बांधली. ती सुलेखनकार, तो काही काळ संन्याशाचं जीवन जगलेला. एका मोठ्या अक्षरामागची नक्षी भरताना आपल्याला जगाचं भान राहत नाही, हे तिने त्याला सांगितलं आणि तो म्हणाला, हे तर ध्यानाचंच वर्णन झालं. अशी त्यांची हकिगत. साडेतीन इंचांचा चौकोनी कागद, काळा पेन, खोडरबर नाही, हे नियम त्यांचेच. मी 9 सेंटिमीटर म्हटलं ते तिथूनच आलं. नाव ट्रेडमार्क केलेलं आहे, त्या नावाने क्लास काढायचा तर त्यांच्याकडे शिकावं लागतं. घरच्या ओट्यावर बसून नक्षी काढायला कोणाची परवानगी लागत नाही.

फॅड आहे का? बाजार आहे, हे नक्की. सहा पेन, बारा पेन, खास कागद, खास डबी. पण मूळ गोष्ट जुनी आहे. चातुर्मासात देवापुढे रोज 33 गोपद्मं काढणाऱ्या बायका आपल्या घराघरांत होत्या, अजूनही आहेत. एकच आकार, रोज, चार महिने, कोणाला दाखवायला नाही. वहीत रामनाम लिहून लिखित जप करणारे आजोबा-आजी तुम्ही पाहिले असतीलच. त्यांना कोणी विचारत नाही की अक्षर सुबक आलं का. तुमच्या खवल्यांना मी याच रांगेत बसवेन. डोळे मिटून बसायचं ध्यान ते नव्हे, त्याची जागाही ते घेत नाही. पण ज्यांना डोळे मिटले की चिंताच दिसतात, त्यांना हाताला काम देऊन बसणं जास्त झेपतं.

व्हिडिओंत "संशोधनाने सिद्ध" म्हणून जे सांगतात त्यातलं थोडं सांगते. 2009 साली इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या जॅकी आन्द्राद यांनी 40 जणांना फोनवरचा एक रटाळ निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार पेन्सिलीने भरायला दिले होते. नंतर विचारलं तेव्हा त्यांना 29 टक्के जास्त आठवलं. हा प्रयोग कंटाळवाण्या वेळी लक्ष टिकण्याबद्दलचा आहे, मनःशांतीचा नाही, पण हल्ली तो सगळ्यालाच चिकटवतात. (तुमच्या यजमानांना मात्र जरूर सांगा. वहीच्या शेवटच्या पानावर गिरगिटणारा बॅकबेंचर कदाचित सगळं ऐकत होता.) तुमच्या कामाचा दुसरा: 2016 साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी 39 प्रौढांना 45 मिनिटं चित्र, माती, चिकटकाम यांपैकी हवं ते करू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते उतरलेलं होतं. आणि आधी चित्रकला येत होती की नाही याने फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये, पण क श्रेणीवाल्यांना एवढा दिलासा पुरे. एलिमेंटरीच्या संकल्पचित्राला गुण होते समतोलाला, रंगांच्या सफाईला. इथे परीक्षकच नाही.

रांगोळी कागदावर जरूर काढा, पण रात्री नको. ठिपक्यांच्या रांगोळीत मोजावं लागतं, चारही बाजू सारख्या याव्या लागतात, एक ठिपका चुकला की सगळं तिरपागडं होतं. सकाळच्या ताज्या डोक्याचं ते काम. रात्रीसाठी तिच्यातला एखादाच तुकडा उचला, उदाहरणार्थ कडेची वेल किंवा नुसती गोपद्मांची रांग. तमिळ घरांसमोर काढतात त्या कोलम रांगोळीच्या एका प्रकारात ठिपके जोडत नाहीत, रेघ ठिपक्यांना वळसे घालत फिरते. तो प्रकार चार-पाच ठिपक्यांवर करून बघा, खवल्यांच्या पुढचा वर्ग म्हणून.

आणि हळूहळू स्वतःच्या नक्ष्या काढा. तुमच्या आजूबाजूला तर खजिना आहे. फणसाची साल, जांभ्याची भोकं, सुपाची वीण, जाळं. जिव्या सोमा म्हसे, वारली चित्रकलेला जगभर पोचवणारे, 2011 चे पद्मश्री, त्यांनी काढलेलं मासे पकडायचं जाळं कुठे पाहायला मिळालं तर पाहा: बारीक रेघांमागून रेघा, अख्खा कागद भरून, आणि तरी ते जाळं हलतंय असं वाटतं. एखादी वस्तू समोर घेऊन स्वतःला दोनच प्रश्न विचारायचे: कोणती खूण पुन्हा पुन्हा येते, आणि पुढची खूण आधीचीच्या कुठल्या भागाला धरून बसते. फणसाचं बघा. खूण म्हणजे टिंब आणि त्याभोवती वेडावाकडा षट्कोन. पुढचा षट्कोन आधीच्याची एक बाजू वापरतो. उत्तर दोन ओळींत देता आलं तर नक्षी तयार. देता आलं नाही तर ते चित्र आहे, नक्षी नव्हे, सोडून द्या.

एक गोष्ट मात्र पेनावर सोपवू नका. काही महिने झोप नाही, असं तुम्ही लिहिलंय. 47 व्या वर्षी यामागे पाळीतले बदल, थायरॉइड, रक्त कमी असणं, खूप काही असू शकतं. डॉक्टरांना दाखवा, आणि तपासण्या करून घ्या. झोपेबरोबर रडू येणं, कशातच रस न वाटणं असं काही असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. नक्षी त्याच्या जोडीला. आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. तो शेजारी असला तर चौथ्या खवल्याला तुम्ही भाचीला फोटो पाठवाल.

पाठवू नकाच, महिनाभर तरी. फोटो पाठवला की "मस्त!" येतं, मग उद्याचाही मस्त यायला हवा असं वाटायला लागतं. काढलेले चौकोन बिस्किटाच्या डब्यात टाकत जा, मागे तारीख घालून.

राहिला पेनांचा सेट. पेनावर टोकाच्या जाडीचा आकडा असतो. 01 म्हणजे पाव मिलिमीटर, रोजच्या खवल्यांना तोच. 005 त्याहून बारीक, दाबणाऱ्या हाताचा शत्रू. माझा अंदाज, टोक आत गेलेला तोच असणार. 03 आणि 05 पट्ट्यांच्या जाड कडांना. 08 काळं भरायला. सहावा ब्रशपेन असेल तर तो यजमानांना देऊन टाका.